करगोटा बांधलेला उंदीर

एक होता उंटवाला हरजी, एक होती त्याची बायको मनभर, आणि एक होती त्यांची लेक झमकू. राहायचे वाळूच्या देशात. विहीर आटली होती बरं का, रांजणाचा तळ दिसायला लागला होता. पाणी सरलं की घर सोडायचं, असं ठरलं होतं. मनभरचा पाय काही निघत नव्हता.

एकदा काय झालं, झमकूला उंदराचं पिल्लू सापडलं. वाळवंटातलं, अंगठ्याएवढं, शेपटीला गोंडा. तिनं लाडानं त्याच्या कमरेला काळा करगोटा बांधला आणि म्हणाली, "दोरा तुटेस्तोवर वाढ रे बाळा."

आता करगोटा माणसाच्या लेकराला बांधतात. उंदराला कोणी बांधतं का? पण बांधला खरा.

सकाळी मनभर बघते तर काय, चुलीपाशी मांजराएवढा उंदीर. तिच्या हातातली परातच पडली. दोरा तुटला होता. झमकूनं दुसरा लांब बांधला, परत तेच म्हणाली.

दुसऱ्या सकाळी उंदीर बकरीएवढा. बाजरीची कणगी रिकामी. मनभर रांजणावर झाकण ठेवायला धावली. "अगं, आता हा रांजणाला तोंड लावेल."

"नाही गं आई, यांची जात पाणी पीतच नाही. दाण्यावर जगते." असं म्हणून झमकूनं उंटाच्या केसांची दोरी वळली नि बांधली.

तिसऱ्या सकाळी उंदीर रेड्याएवढा. मनभर पळाली ती उंटाच्या आड. हरजी म्हणाला, "चला, आता उंट विकू नि याच्यावरच खोगीर घालू."

मग ऊन तापलं. एवढं धूड बिळात मावेना, अंग भाजायला लागलं. मग ते गारव्यासाठी उकरायला लागलं. उकरतंय, उकरतंय. वाळू संपली, मुरूम लागला, तरी उकरतंय. मग सगळं गप्प झालं. आतून बारीकसा आवाज आला, चूंऽऽ. डोकं खाली, शेपूट वर, उंदीर अडकला होता.

झमकू रडायला लागली. धूड नि माती यांच्यातल्या फटीत हरजीचे खांदे जाईनात. "मेला तर सुटलो," तो पुटपुटला.

मनभर म्हणाली, "लेकरू म्हणून दोरा बांधलाय ना त्याला? मग मरू कसं देऊ?" तिनं कमरेला दोर बांधला, टोक हरजीच्या हाती दिलं, विळा घेतला नि फटीतून उतरली. हाताला केसांची दोरी लागली. तीही तटतटली होती. मनभरनं ती कापली. आपोआप तुटली असती तर वाढ राहिली असती; कापली, तशी वाढही गेली.

कापल्याबरोबर उंदीर झाला अंगठ्याएवढा, तिच्या खांद्यावर चढून बसला. आणि मनभर? पायाखालचं धूडच नाहीसं झालेलं. दोर सैल होता, पडली की धपकन खाली. बघते तर धुडानं अडवलेला झरा मोकळा झालेला, घोट्याएवढं पाणी. मग गुडघ्याएवढं. ती तशीच उभी, डोळे विस्फारून. वरून हरजी ओरडतोय, "अगं, आहेस का?"  हिनं ओंजळ भरून वर उडवली.

मग काय, घर सोडायचं राहिलं. रांजण भरले, बाजरी आली, गेलेले शेजारी परत आले, आणि हरजी, मनभर, झमकू आपल्या अंगणात पोटभर जेवले, सुखानं राहिले. मिटा आता डोळे, रात्र वाढतेय.