पळीभर काढा

दोन नद्या एकमेकींना मिळतात अशा ठिकाणी, पुष्कळ वर्षांपूर्वी, एक गाव होतं. त्या गावात एक वैद्य राहत होता. लोक त्याला वैद्यबुवा म्हणत. नाडीवर बोट ठेवलं की दुखणं ओळखणारा माणूस. आठ-आठ कोसांवरून लोक त्याच्याकडे येत. मुळ्या तो स्वतः खणून आणायचा, स्वतः कुटायचा, आणि काढा आटेपर्यंत चुलीपासून हलायचा नाही.

पण काढा भांड्यात ओतून दिला, की त्याच्या लेखी काम संपलं.

“दिवसातून तीनदा पाजा,” एवढंच तो सांगे.

कुणी विचारलं, “कसा पाजू, बुवा? गिळतच नाही,” तर तो चिडायचा. “त्यात काय शिकवायचं? तोंड उघडा आणि ओता.”

एके दिवशी वैद्याची आईच आजारी पडली. ताक घुसळता घुसळता ती एका अंगावर कलंडली. उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालं, शब्द जड झाले. वैद्याने नाडी पाहिली, दुखणं ओळखलं, आणि त्याला ठाऊक असलेला सगळ्यात चांगला काढा करायला घेतला.

घरात तिसरं माणूस नव्हतं. कुणाला औषध पाजायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली. आई उताणी पडली होती. त्याने तिची हनुवटी वर केली, वाटी ओठांना लावली आणि ओतली.

निम्मा काढा उशीवर सांडला. उरलेल्याने तिला असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. बऱ्याच वेळाने ती शांत झाली.

“झालं, आई. गेलं पोटात,” वैद्य म्हणाला.

दुपारी तेच झालं, संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशी आईला ताप भरला आणि छाती घरघरू लागली. वैद्य बुचकळ्यात पडला. या दुखण्यात ताप येत नसतो. त्याने काढा आणखी कडक केला आणि पुन्हा वाटी भरली.

त्या वेळी ठकूबाई नावाची एक धनगरीण पायाच्या जखमेवर मलम न्यायला आली होती. नदीपलीकडच्या माळावर तिचा कळप उतरला होता. ओसरीवर आणखी चार माणसं औषधासाठी बसली होती. आतून ठसका ऐकू आला तशी ती उठून दारात उभी राहिली.

“बुवा, थांबा,” ती म्हणाली. “ते पोटात चाललं न्हाई. छातीत चाललंय.”

“तुला वैद्यकीतलं काय कळतं?”

“काहीच न्हाई कळत. पण आई मेलेली कोकरं मी हातानं वाढवते. पहिल्या वर्षी माझ्या हातनं तीन गेली. दूध चांगलं होतं, माया बी होती. पण मान वर करून घाईनं ओतायची मी. दोन दिवसांनी त्यांच्या छातीत असाच आवाज यायचा. मग मरायची.”

ओसरीवरची माणसं ऐकत होती. धनगरणीला दटावून बाहेर घालवणं वैद्याला अवघड नव्हतं. तो काही क्षण आईच्या छातीचा आवाज ऐकत राहिला. मग त्याने वाटी खाली ठेवली.

“दाखवा, बाई,” तो म्हणाला.

ठकूबाईने वाटीला हातही लावला नाही. आधी तिने म्हातारीला उठवून बसवलं, पाठीशी घोंगडीची घडी दिली, आणि ती पुरती जागी होईपर्यंत वाट पाहिली. “गुंगीत एक थेंबही द्यायचा न्हाई,” ती म्हणाली. मग तिने काढ्यात मध कालवून तो दाटसर केला. म्हातारीची हनुवटी जराशी खाली घेतली. पळीच्या टोकावर मावेल एवढंच औषध डाव्या, चांगल्या गालात ठेवलं.

“आये, गिळा.”

गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

“आता तोंड उघडा.” तोंडात काही उरलं नव्हतं. तेव्हा कुठे तिने दुसऱ्यांदा पळी उचलली.

पळीभर काढा पाजायला इतका वेळ लागला, की ओसरीवरची माणसं कंटाळून निघून गेली. पण एकदाही ठसका लागला नाही.

त्या दिवसापासून वैद्य तसंच पाजू लागला. नवव्या दिवशी ताप उतरला. महिनाभराने आई भिंतीला धरून चालू लागली. बोलणं बरंचसं परत आलं, उजवा हात मात्र कायमचा अधू राहिला.

पाजताना गप्प बसावं लागे, आणि गप्प बसलं की वैद्याला कुंभाराची बायको आठवे. आदल्या वर्षी ती त्याचाच काढा घेत होती आणि तिसऱ्या दिवशी छाती भरून वारली. “उशिरा आलास,” असं त्याने तेव्हा कुंभाराला सुनावलं होतं.

आई चालू लागल्यावर तो कुंभाराच्या घरी गेला. “उशीर तुझा नव्हता,” तो म्हणाला. “औषध पाजायचं कसं, ते मी सांगितलंच नव्हतं.”

कुंभाराचं चाक फिरत राहिलं. ते आपोआप थांबलं तेव्हा तो म्हणाला, “वाटी माझ्या हातात होती, बुवा. वर्षभर मला झोप नाही.”

वैद्य कुंभाराशेजारी मातीत बसून राहिला.

पुढे एकदा वरच्या गावचा एक शेतकरी आपल्या म्हाताऱ्या वडिलांसाठी औषध न्यायला आला. “लवकर द्या, बुवा, गाडी उभी आहे.”

“आधी या चटईवर उताणा हो,” वैद्य म्हणाला.

शेतकरी चक्रावला, पण आडवा झाला. वैद्याने त्याच्या तोंडात घोटभर पाणी ओतलं. शेतकरी खोकत, डोळे पुसत ताडकन उठून बसला.

“हे नुसतं पाणी होतं,” वैद्य म्हणाला, “आणि तू धडधाकट आहेस. आता गाडीचे बैल सोड. पाजायचं कसं, ते तुला येईपर्यंत काढा मिळायचा नाही.”

शेतकऱ्याने बैल सोडले.

तात्पर्य काढायचं तर एवढंच: चांगली गोष्ट द्यायची कशी हेही शिकावं लागतं, आणि घेणाऱ्याचा घोट केवढा आहे ते पाहूनच ती द्यावी लागते.