हरकत नाही

माणसं खाडीवर यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. डोंगरावरच्या वाघाला खाडीकाठी एक तापता दगड बसवायचा होता. त्यातून सगळ्यांना ऊब आणि उजेड मिळणार होता. काठावरच्यांचं म्हणणं ऐकून यायला त्याने पोपटाला पाठवलं.

सभेत चिखलातली कुर्ली नांग्या उभारून उठली. "दगड फार तापला तर गार कोण करणार? माझी पिल्लं इथेच आहेत. ती पळणार कुठे?"

"फार शहाणी झालीस गं!" बगळा हसला.

अध्यक्ष होतं म्हातारं कासव. ते म्हणालं, "विचारू दे तिला, हरकत नाही."

पोपटाने शेवटचे दोन शब्द तेवढे उचलले आणि वाघाला जाऊन ऐकवले. वाघाने लगेच दगड बसवायचा हुकूम दिला.

ते कळताच कुर्ली कासवाकडे धावली. "आजोबा, तुम्ही तसं म्हणाला नव्हतात! जाऊन सांगा ना वाघाला."

"मोठ्यांचा शब्द असा खोडणं बरं दिसत नाही, बाळ. बघू."

कासव बघत राहिलं. दगड बसला, तापला आणि तापतच गेला. तेव्हा कुठे कासव डोंगर चढलं.

ते परतलं तेव्हा खाडीचं पाणी कढत होतं. बिळाशी वाकून त्याने हाक मारली, "बाळ, सांगून आलो गं!"

आतून कोणीच बोललं नाही.