निरंजनने लावलेले कप्पे

“…मग सांगा बाई, यात आता उणं काय राहिलं?”

निरंजन वायचळने असं विचारलं खरं, पण त्याच्या आवाजात प्रश्न थोडा होता. शाबासकीची वाट पाहणंच जास्त.

कृष्णाकाठच्या एका धर्मादाय रक्तपेढीत तो संगणकाचं काम पाहायचा. दात्यांची नावं, त्यांचे रक्तगट, शिबिरं, शीतकपाटातल्या पिशव्या, सगळा कारभार एका डेटाबेसवर चाले. तो बांधला होता ओगलेबाईंनी. बाई निवृत्त झाल्या होत्या, तरी अधूनमधून चहाला डोकावायच्या. निरंजनला हे काम त्यांनीच शिकवलेलं.

एक बटण दाबलं की संगणकाने ओळीने काय काय करायचं, त्या आज्ञांचा गठ्ठा म्हणजे मॅक्रो. बाईंच्या काळातले असे सगळे मॅक्रो एकाच मॉड्यूलमध्ये, म्हणजे एकाच कप्प्यात, कोंबलेले होते, लग्नघरातल्या कोठीसारखे. निरंजनने खपून त्यांना निरनिराळे कप्पे करून दिले. शोधणारे मॅक्रो एका मॉड्यूलमध्ये, मोजणारे दुसऱ्यात, छापणारे तिसऱ्यात. पडद्यावर कसं देखणं दिसत होतं!

बाई पडद्याकडे पाहत राहिल्या. चहा संपला…

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. काउंटर सांभाळणाऱ्या शबाना मुलाणीने तो घेतला आणि तिचा चेहरा बदलला. तालुक्याच्या रुग्णालयात एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. पेढीत एकच पिशवी शिल्लक. जवळपासच्या दात्यांची यादी ताबडतोब हवी.

शबानाने नेहमीचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मॅक्रोने घर बदललं होतं आणि बटण बिचारं जुन्याच पत्त्यावर हाका मारत होतं.

निरंजन धावला. दाते शोधायचा मॅक्रो एका मॉड्यूलमधून चालवला. कुणी नुकतंच रक्त दिलेलं नाही ना, हे पाहणारा दुसऱ्यातून. यादी काढणारा तिसऱ्यातून. एकाच कामासाठी तो या दारातून त्या दारात पळत होता, आणि ती दारं त्यानेच बसवलेली.

अखेर यादी निघाली. शबानाने फोन लावले. एक किराणा दुकानदार आणि शाळेतले कबड्डीचे मास्तर लगेच निघाले. वेळेवर पोहोचलेही. दुपार सरायच्या आत निरोप आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप.

शबानाने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. निरंजनने ती मान खाली घालून खाल्ली.

“तुमचंच बरोबर होतं, बाई. सगळं एकाच ठिकाणी हवं.”

“छे. ती अडगळ होती. त्यात फक्त मलाच सापडायचं.”

“मग कुठला मॅक्रो कुठे ठेवायचा, याचा नियम काय?”

बाई उठल्या, काउंटरवरची खुर्ची मागे ओढली आणि शबानाला जेवून यायला सांगितलं. मग निरंजनकडे पाहून रिकाम्या खुर्चीवर दोनदा थोपटलं.

तो बसला.

थॅलेसेमियामुळे वरचेवर रक्त लागणाऱ्या एका मुलाचे वडील आले. पुढच्या पिशवीची सोय विचारत होते. महिला मंडळाला शिबिर घ्यायचं होतं. कॉलेजच्या एका मुलीचं दात्याचं कार्ड हरवलं होतं. निरंजन एकेकाला उत्तर देता देता थबकू लागला. “माझं शोधून द्या,” “माझं मोजून द्या,” “माझं छापून द्या” असं कुणीच म्हणत नव्हतं. जो तो आपलं अख्खं काम घेऊन येत होता…

शबाना परतली तेव्हा तो एकटाच हसत बसला होता.

पुढच्या वेळी बाई आल्या, तेव्हा मॉड्यूलची नावं बदललेली होती: तातडी, शिबिर, साठा, कार्ड. ज्या कामाला जे मॅक्रो लागतात, ते त्या कामापाशीच. तारखा मोजणारा एक मॅक्रो सगळ्यांनाच लागायचा, म्हणून त्याला सामाईक असा छोटा कप्पा. प्रत्येक बटण त्याने शबानाला शेजारी बसवून दाबून पाहिलं होतं.

बाईंनी सावकाश सगळं उघडून पाहिलं. एका ठिकाणी थांबल्या, मान डोलावली, पुढे गेल्या.

निरंजनचा सगळा जीव कानांत गोळा झाला होता.

“आता, बाई?”

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला. त्या मनापासून हसल्या.

“छान झालंय,” त्या म्हणाल्या. “उद्या तू येऊ नकोस. तुझ्यावाचून शबानाला सगळं सापडतं का, ते पाहू.”