सखाहरीने घर बेतलं

एका गावात एक भोळा शिंपी होता. सखाहरी त्याचं नाव. शिवणकामात त्याचा हात धरणारा आसपासच्या पाच गावांत कोणी नव्हता, कारण शिवताना डोकं चालवावं लागत नाही. टेप सांगेल तेवढं कापायचं. बाकीच्या जगाला टेप लावलेली नव्हती, आणि तिथेच सखाहरीची पंचाईत व्हायची.

त्याची बायको हौसा चणीने ठेंगणी. भाड्याच्या खोलीत तिने दहा वर्षं उलट्या घमेल्यावर उभं राहून स्वयंपाक केला. भाकरी थापली की घमेलं डुगडुगायचं. फडताळ उंच, खुंटी उंच, आणि खिडकीच्या वरच्या कडीला तर तिचा हात जन्मात लागला नव्हता. शेवटी सखाहरीने जागा घेतली आणि घर बांधायला काढलं. नेमकी तेव्हाच हौसा बाळंतपणाला माहेरी निघाली. दहा वर्षांनी पाळणा हलणार होता.

निघताना ती म्हणाली, "अवो, एकच मागते. माझा हात पोचंल असं घर बांधा. आता घमेल्यावर चढून माझ्यानं सैपाक व्हायचा न्हाई. पुन्यांदा तसलंच केलंत तर लेकरू घिऊन मी बापाकडंच ऱ्हाईन."

"आन् मला कळलं न्हाई तर?"

"आक्कास्नी इचारा. त्या सांगतील त्ये ध्यानात ठिवा."

आक्का म्हणजे सखाहरीची थोरली बहीण. ती गावातच दिलेली होती. सखाहरीने मान डोलावली. सांगितलेलं ध्यानात ठेवण्यात तो कधी चुकत नसे. दुर्दैव असं की तो ते विसरतही नसे.

गवंडी होता ईश्वरा. सांगाल ते बांधायचं आणि 'का' म्हणून विचारायचं नाही, ही त्याची रीत. दोघांचं छान जमलं. भिंती उभ्या राहिल्या, कौलं चढली. मग एक दिवस ईश्वरा म्हणाला, "सैपाकाचा ओटा किती उंच घिऊ?"

सखाहरीने टेप काढली. घरमालक आपणच म्हणून स्वतःलाच लावली. सदऱ्याचं माप खांद्यापासून सुरू होतं, म्हणून खांद्यापासून मोजलं. ओटा खांद्याइतका झाला. सखाहरी होता ताडमाड. संध्याकाळी आक्का आली आणि ओट्यासमोर उभी राहिली. ती पलीकडून दिसेना.

"आरं येड्या," ओट्यामागून आवाज आला, "चोळी कुणाच्या मापानं शिवतोस? तुझ्या का घालणारणीच्या?"

"घालणारणीच्या."

"मग घराचं बी तसंच. ज्यो वापरतो, त्येचं माप घ्यायचं."

सखाहरीला हे फार पटलं. इतकी वर्षं आपण हेच करत आलो, मग आधी कसं सुचलं नाही, असं त्याला वाटलं. ओटा पाडला. नवा बांधण्याआधी पुढचं दार बसवायचं ठरलं.

दार कोण वापरतं? सखाहरी दिवसभर समोरच्या दगडावर बसून राहिला आणि येणारं-जाणारं मोजत गेला. आक्का तीनदा आली. ईश्वरा सात वेळा गेला. शेजारच्या कोंबड्या एकसष्ट वेळा आल्या-गेल्या. सखाहरी उठला, एक कोंबडी धरली आणि तिचं माप घेतलं. कोंबडीने फार गडबड केली, पण गिऱ्हाईक गडबड करतंच. ईश्वराने त्या मापाचं दार बसवलं. उंबरा, चौकट, कडी, सगळं रीतसर.

दुपारी आक्का भाकरी घेऊन आली. दोघं आत होते. ते खिडकीतून गेले होते. आक्काने दाराकडे बघितलं, खाली वाकून भाकरीचं गठुडं आत सरकवलं आणि आपण बाहेरच बसली.

"सख्या, दार करताना गावातला समद्यात उंच माणूस धरायचा रं. त्येच्या वर आनिक हातभर सोडायचं."

"आस्सं व्हय!" सखाहरी दारातून डोकं बाहेर काढून म्हणाला. डोकं तेवढं मावत होतं.

गावात सगळ्यात उंच भैरू पैलवान. सखाहरीने त्याला बोलावून आणलं आणि दार नीट करून घेतलं. इथे तो थांबला असता तर गोष्टही इथेच थांबली असती. पण पैलवान आलेलाच आहे तर बाकीचंही उरकून घ्यावं, असं त्याच्या मनात आलं. त्याने पैलवानाला हात वर करायला लावले. बोटांच्या टोकावर आणखी हातभर सोडलं. तिथे दिव्यांची बटणं लावली, तिथेच खुंट्या मारल्या, तिथेच फडताळ ठोकलं. अंधार पडला की ईश्वरा सखाहरीच्या खांद्यावर चढायचा आणि दिवा लावायचा. मग दोघं आपलं काम फार बघण्यासारखं झालं म्हणून वर बघत बसायचे.

मुलगी झाल्याचा सांगावा आला त्या दिवशी आक्का पेढे घेऊन आली. पेढे ठेवायला फडताळ शोधू लागली. सापडलं तेव्हा मटकन खाली बसली.

"आरं, माझं गुडघं बघ. उद्या हौसाच्या मांडीवर लेकरू आसंल. तिनं काय माळ्यावर चढून दिवा लावायचा? बसल्या जागी हात पोचला पायजे, बसल्या जागी!"

सखाहरीने पेढा खाल्ला आणि हेही ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी पंखा लावायचा होता. त्याने लांब दांडी आणवली. पंखा आढ्यापासून निघाला तो जमिनीपासून दोन हातांवर येऊन थांबला. बसल्या जागी हात पोचत होता. सखाहरीने कौतुकाने आक्काला बोलावलं, पाटावर बसवलं आणि पंखा सुरू केला.

पंखा उत्तम चालला. पहिल्या फेऱ्यात त्याने आक्काच्या पदराचं टोक घेतलं. दुसऱ्या फेऱ्यात अंबाडा सोडला. तिसऱ्या फेऱ्याला आक्का अंगणात होती.

"मुडद्या!" ती बाहेरून ओरडली. तिचे केस मोकळे होते आणि आवाजही. "उद्या त्ये तान्हं लेकरू तितं रांगणार! दहा वरसांनी द्येवानं दिलंय. आपलं काय ऱ्हायलंय आता? आज हाय, उद्या न्हाई. घर हाय त्ये त्या लेकराचं. तिचा इचार करून बांध समदं! आन् पुन्यांदा मला इचारू नगंस."

आक्का तणतणत निघून गेली. सखाहरी मात्र खूप वेळ उभा राहिला. आक्का एवढं खोल बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं. घर लेकीचं. आणि त्याने आजवर मापं घेतली ती स्वतःची, कोंबडीची आणि पैलवानाची! त्याला स्वतःची लाज वाटली. डोळ्यांत पाणीही आलं.

बारशाला तो सासुरवाडीला गेला. बायका पाळणा म्हणत होत्या. सखाहरी त्यांच्यातून वाट काढत पाळण्यापाशी गेला, गळ्यातली टेप काढली आणि लेकीला टाचेपासून टाळूपर्यंत मोजलं. वीस इंच. खांदा मोजला, हात मोजला, मूठ मोजली. बायकांना वाटलं, बाप झबलं शिवणार. हौसालाही तसंच वाटलं. तिला भरून आलं.

"घर कुठवर आलं?" तिने हळूच विचारलं.

"आता नीट कळलं," सखाहरी म्हणाला. "तू यायच्या आत हुतंय."

गावी आल्याबरोबर त्याने ईश्वराला बोलावलं. ईश्वराने सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं काहीच नाही. दोघांनी कौलं उतरवली, भिंती उतरवल्या, पाया उकरला. मग घर पुन्हा बांधायला घेतलं. काम भराभर झालं. विटा मात्र फार उरल्या. उरलेल्या विटांचा ढीग घरापेक्षा उंच झाला.

सव्वा महिन्याने हौसा आली. एसटीतून उतरली, लेकीला दुपट्यात नीट गुंडाळलं आणि भरभर चालत नव्या जागेवर आली. वाटेत तिने मनातल्या मनात नव्या ओट्यावर दोन वेळा स्वयंपाकही करून घेतला. अंगणात विटांचा ढीग होता. ढिगाशेजारी सखाहरी उभा होता, अंघोळ करून, टोपी घालून.

"घर कुठाय?" हौसा म्हणाली.

सखाहरीने खाली बोट दाखवलं.

घर तिच्या गुडघ्याला जरा वर लागत होतं. चार भिंती, लाल कौलं, पुढे ओसरी. दाराला नखाएवढी कडी. हौसा वाकली आणि खिडकीतून आत बघू लागली. आत ओटा होता. त्याचे कोपरे घासून गोल केले होते, लेकराला लागू नये म्हणून. फडताळ होतं, खुंट्या होत्या, दिव्याचं बटण होतं. सगळीकडे हात पोचत होता. जन्मभर मान वर करून जगलेली हौसा आज स्वतःच्या घराकडे वरून बघत होती, आणि तिला रडू कोसळलं.

"अवो... ह्ये काय करून बसलात?"

तिचा चेहरा उतरला होता. ती एकदा घराकडे बघे, एकदा कुशीतल्या लेकीकडे. तिला कसली काळजी लागली ते सखाहरीच्या लगेच ध्यानात आलं. लेक सव्वा महिन्यात बरीच मोठी दिसत होती.

तो जवळ आला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"घाबरू नगंस हौसा," तो म्हणाला. "वाढत्या अंगाचं धरलंया. चार बोटं जादा सोडल्यात."