पळसाच्या रंगातली पिल्लं

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हाचे रस्ते आता नांगराखाली गेले आणि तेव्हाच्या विहिरी बुजल्या. माणसांची मनं मात्र तेव्हाही अशीच होती, आताच्यासारखी.

त्या काळी एका डोंगराच्या पायथ्याला लहानशी वस्ती होती. वस्तीच्या टोकाला भिवराचा मळा. मळा म्हणायचा एवढंच. गव्हाचं एक वावर, एक विहीर, दोन शेळ्या आणि अंगणभर कोंबड्या. पण एवढ्याशा मळ्याला साऱ्या वस्तीत मान होता, आणि तो होता भिवराच्या हाताचा.

हाताचा मान कसा, ते ऐका. फाल्गुन लागला, आंबा मोहरला, पळसाला पान राहिलं नाही नुसतं फूल राहिलं, की घरोघरच्या कोंबड्या खुडूक व्हायच्या. अंगाची पिसं फुलवून एका जागी बसून राहायच्या, जवळ गेलं की गुरगुरायच्या. मग बाया पदरात अंडी घेऊन भिवराकडे यायच्या.

"काकी, तुमचा हात लावा."

भिवरा एकेक अंडं उन्हाकडे धरून बघायची. हे चालेल, हे नाही. टोपलीत तळाला वाळू, वर गव्हाचा भुसा, भुशात एक लोखंडी खिळा, म्हणजे आभाळ गडगडलं तरी अंडी नासायची नाहीत. मग स्वतःच्या हातानं अंडी मांडायची आणि वर कोंबडी बसवायची. तिनं मांडलेली अंडी फुकट जात नाहीत, असं सारी वस्ती मानायची. वस्ती मानायची, आणि भिवरा तर सगळ्यांत आधी मानायची.

अशी बरीच वर्षं गेली. मग शेजारच्या मळ्यात नवी सून आली. तिचं नाव येसू.

येसू पोरसवदा, हसरी, कामाला चपळ. माहेराहून येताना तिनं एक तांबडी कोंबडी काखेत धरून आणली होती. दोन्ही मळ्यांच्या मध्ये शेराच्या झुडपांचं कुंपण. सुरुवातीला भिवरानं कुंपणावरून कोथिंबीर दिली, येसूनं ताक दिलं. सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं.

मग फाल्गुन लागला. भिवराची काबरी कोंबडी आणि येसूची तांबडी एकाच सुमाराला अंड्यांवर बसल्या आणि एकाच दिवशी दोघींची अंडी फुटून पिल्लं बाहेर आली.

भिवराच्या काबरीखाली अंडंन् अंडं फुटलं. पिल्लं कशी, तर गव्हाच्या धसकटासारखी पिवळी-करडी, पाठीवर बारीक रेघ, पायांत जोर. तिला मनातून बरं वाटलं. आता येतील बाया बघायला, म्हणून तिनं अंगण सारवलं.

बाया आल्या. पण त्या भिवराच्या दारावरून पुढं गेल्या आणि येसूच्या अंगणात शिरल्या.

"अगं बाई! ही पिल्लं हायेत का निखारे?"

"देवळापुढं रांगोळी घातल्यावानी दिसत्यात गं!"

भिवरानं शेराच्या फांद्या बाजूला केल्या आणि बघितलं. तांबडीच्या मागून केशरी पिल्लं चालली होती. पळसाच्या फुलासारखी केशरी. उन्हात नुसती पेटल्यासारखी दिसत होती.

"आमच्या माहेराला अशीच रीत हाय," येसू सांगत होती. "पळसाच्या फुलाचं पाणी लावायचं. घारीला वाटतं इस्तू हाय, पेटता निखारा, ती झडप घालत न्हाई. आणि धसकटात पिल्लू लांबून दिसतं, कुणाचा पाय पडत न्हाई."

वस्तीची पाटलीण जाडजूड बाई. तिनं एक पिल्लू तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "येसू, तुझा हात गोड दिसतोय. माझी पांढरी खुडूक झालीया. तिची अंडी औंदा तूच मांड."

कुंपणाच्या अलीकडं भिवराच्या छातीत काहीतरी चरचरलं.

पाटलिणीची अंडी! तिची सासू हयात होती तेव्हापासून त्या घरची अंडी भिवरानंच मांडलेली.

त्या दिवसापासून भिवराचं जेवणात लक्ष लागेना. येसूच्या फाटकाची कडी वाजली की हिचा घास हातात राहायचा. कोण आलं? कशाला आलं? पदरात काय होतं? येसूचा कोंबडा आरवला तरी हिला वाटायचं, मुद्दाम माझ्याकडं तोंड करून आरवतोय.

नवरा बापडा गरीब, पण तोंडानं मिस्कील. तो म्हणाला, "कारभारणी, भाजीत मीठ न्हाई. तुझं ध्यान चुलीत न्हाई, कुंपणात हाय."

"बघते ती काय काय सोंगं करती."

"काय करायचंय बघून? आपली पिल्लं काय वाईट हायेत? मला तर तिच्यापेक्षा गरगरीत दिसत्यात."

"गरगरीत असून कोण बघतंय त्यांच्याकडं?" भिवरा फणकारली. "मातीची पिल्लं मातीत फिरत्यात. कुणाला दिसत बी न्हाईत."

खरंच, ती कुणाला दिसत नव्हती. घारीलाही सहसा दिसत नव्हती. पण एका दुपारी एक पिल्लू काबरीपासून लांब उघड्यावर गेलं आणि घार ते उचलून घेऊन गेली. पिल्लं वाढवायची म्हणजे एखादं असं जायचंच. भिवराची आजवर कितीतरी गेली होती. पण ह्या वेळी तिनं घारीला शिवी दिली नाही. ती कुंपणाकडं बघून म्हणाली, "तिची बरी नेत न्हाई!"

आणि मग तिनं ठरवलं. आपणही रंगवायची. तिच्यापेक्षा गडद रंगवायची.

नवरा म्हणाला, "मग जा, तिला विचारून ये. कसं लावायचं, कधी लावायचं. पोर चांगली हाय, सांगंल की."

"मी? तिला विचारू?" भिवरा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ती रांगत होती तवापासून मी अंडी मांडतीया. मी तिच्या दारात जाऊन विचारू, की बाई पिल्लू कसं वाढवायचं?"

नवरा विहिरीकडं निघून गेला.

खरं तर एक शब्द विचारायचा होता. येसूच्या माहेरी रंग लावायचे, पण कधी? पिल्लू अंड्यातून निघून कोरडं होतंय न होतंय तेवढ्यात, कोंबडी अजून टोपलीत बसलेली असताना. फुलाच्या पाण्यात बोट बुडवून एकेका पिल्लावरून फिरवायचं आणि लगेच परत आईच्या पंखाखाली सरकवायचं. म्हणजे आई पहिल्यांदा बघते ती त्याच रंगात बघते आणि तेच रूप मनात धरते. येसूनं हे कुणापासून लपवलं नव्हतं. कुणीही विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण भिवरानं विचारलं नाही. तिनं फक्त चोरून बघितलं, आणि चोरून बघणाऱ्याला रंग तेवढा दिसला.

भिवरानं टोपलीभर पळसाची फुलं आणली. रंग गडद व्हावा म्हणून त्यात चिमूटभर चुना टाकला आणि भांडं चुलीवर उकळत ठेवलं. पाणी लालभडक झालं. ते कोमट झाल्यावर तिनं काबरीला बांबूच्या डालग्याखाली झाकली आणि एकेक पिल्लू धरून मानेपर्यंत त्यात बुचकळलं.

पिल्लं आता तान्ही नव्हती. पंखांना पिसं फुटली होती, आईच्या मागं धावायला शिकली होती. ती किंचाळू लागली. डालग्याखाली काबरी डोकं आपटत होती. भिवराचा नवरा विहिरीवरून धावत आला.

"अगं, तिचा जीव तळमळतोय!"

"तळमळू दे घटकाभर. मग बघा, सारी वस्ती कुठं वळती ते."

पिल्लं उन्हात वाळली. काय रंग चढला होता! येसूची निखारा, तर भिवराची जाळ. भिवरा खूश झाली आणि तिनं डालगं उचललं.

काबरी वाऱ्यासारखी बाहेर आली. "कुक कुक कुक" करत पिल्लांना हाका मारायला लागली. पिल्लं ओळखीचा आवाज ऐकून तिच्याकडं धावली. आणि काबरी थबकली.

मान वाकडी करून तिनं एका डोळ्यानं बघितलं. मग दुसऱ्या डोळ्यानं बघितलं. आणि जे पिल्लू सगळ्यांत पुढं होतं, त्याच्या टाळक्यात तिनं चोच मारली.

"आगं काबरे! तुझंच हाय ते!" भिवरा ओरडली.

पण कोंबडीला कोण समजावणार? तिची पिल्लं धसकटाच्या रंगाची होती. ही लाल भुतं कुठून आली? एक जवळ आलं, चोच. दुसरं आलं, चोच. भिवरानं पिल्लं धुऊन धुऊन बघितली, रंग फिका झाला पण निघेना. उलट ती गारठली. तिनं काबरीला धरून बसवलं आणि पिल्लं बळंच पंखाखाली कोंबली, तर काबरीनं एकाचं डोकं फोडून रक्त काढलं.

ऊन कललं. पिल्लं थंडीनं चिवचिवत अंगणात गोळा होऊन उभी राहिली. एवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली. येसूची तांबडी आपल्या पिल्लांना संध्याकाळचं पंखाखाली बोलावत होती.

पिल्लांना काय, ऊब पाहिजे आणि आई पाहिजे. एक निघालं, मागून दुसरं, मागून सगळी. शेराच्या बुंध्यांतून वाट काढत पलीकडं गेली. तांबडीनं त्यांच्याकडं बघितलं. तिला आपल्या पिल्लांसारखाच रंग दिसला. तिनं पंख उचलला आणि ती सगळी आत शिरली.

भिवरा हे सगळं बघत उभी होती. मग रिकामं डालगं उचलून ती आत गेली. पण मत्सर असा, की माणूस पडला तरी त्याची जीभ उभी राहते. सकाळ होताच ती येसूच्या अंगणात जाऊन ओरडायला लागली.

"चोरटे! माझी पिल्लं वळवलीस? काय खायला घातलंस त्यांला? काय मंतर टाकलास?"

आवाज ऐकून बाया जमल्या. पाटलीणही आली. येसू घाबरली, पण तिनं डालगं उचलून सगळी पिल्लं मोकळी केली.

"काकी, मी काय बी केलं न्हाई. सकाळी उठून बघते तर एवढी पिल्लं! तुमची असतील तर तुमची तुम्ही घ्या. वळखा आणि घ्या."

भिवरा पुढं झाली. एक पिल्लू उचललं, खाली ठेवलं. दुसरं उचललं. तिनं चढवलेला लाल रंग धुऊन धुऊन फिका झाला होता आणि आता तो येसूच्या रंगाला बरोबर जुळत होता; पाठीवरची रेघही त्याखाली बुडाली होती. उन्हात अंडं धरून आतला जीव ओळखणारी भिवरा, तिला आपल्या हातची पिल्लं ओळखू येईनात.

"काबरीला आणा," पाटलीण म्हणाली. "आईला कळंल."

काबरीला आणली. ती पिल्लांच्या घोळक्यातून हाका मारत चालत गेली. एकाही पिल्लाजवळ थांबली नाही. वाटेत आलेल्या एकाला चोच मारून ती सरळ अंगणाबाहेर पडली आणि गव्हाच्या धसकटात शिरून आपली पिल्लं शोधू लागली.

कुणी हसलं नाही. एखादी हसली असती तर भिवराला बरं वाटलं असतं.

येसू हळूच म्हणाली, "काकी, रडू नगा. जुनी पिसं झडली की रंग जाईल. मग तुमची पाठीवरच्या रेघेनं वळखू येतील. तवर ऱ्हाऊ देत हितं. मी माझ्यापरीस तुमच्यांला आधी दाणा टाकीन."

आणि तिनं तसंच केलं. येसूनं काही हिसकावून घेतलं असतं तर भिवराला भांडता आलं असतं. शिव्या देता आल्या असत्या, पाटलापुढं जाता आलं असतं. पण ज्याच्यावर आपण जळलो तोच आपलं राखत बसला, तर तोंड कुठं लपवायचं?

काबरी कितीतरी दिवस धसकटात हाका मारत फिरली. दाणा टाकला तरी ओ येते का म्हणून आधी मान वर करून ऐकायची. शेवटी तिनं हाका मारणं सोडलं. त्या साली ती पुन्हा अंड्यांवर बसली नाही.

चैत्र सरला, वैशाख तापला. पळसाला हिरवी पानं आली. पिल्लांची पिसं झडली आणि नवी आली. आता कोणीही सांगू शकलं असतं, ही येसूची तांबूस आणि ही भिवराची करडी, पाठीवर रेघ असलेली. येसूनं बोलल्याप्रमाणं भिवराची सगळी वेगळी काढली, पाटीत घालून स्वतः आणून दिली. वर काकीच्या पाया पडली.

भिवरानं पिल्लांपुढं कणी टाकली. दिवसभर ती भिवराच्या अंगणात चरली. भिवरानं एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला. कशी भरली होती! साऱ्या वस्तीत अशा तलंगा, अशा तरण्या कोंबड्या नव्हत्या.

दिवस मावळला. भिवरानं खुराड्याचं दार उघडलं आणि हाक मारली, "या गं, या."

तलंगांनी तिच्याकडं मान वळवून बघितलं. क्षणभर थांबल्या. मग एकीमागून एक, शेराच्या कुंपणातून वाट काढत, येसूच्या अंगणातल्या तांबडीकडं निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी भिवरानं हाक मारली नाही. खुराड्याचं दार मात्र उघडं ठेवलं आणि ती उंबऱ्यावर बसून राहिली. आत अंधारात एकटी काबरी दांडीवर बसली होती.

म्हणून लहानांनी ऐकावं आणि मोठ्यांनीही ध्यानात ठेवावं: मत्सरापायी आपल्या लेकरांना दुसऱ्याचा रंग फासला, की ती दुसऱ्याचीच होऊन जातात.