धुळाजीची उंच पडवी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर अजून आपापल्या जागा ठरवत होते. सकाळी पूर्वेला दिसलेला डोंगर संध्याकाळी तिथंच असेल, अशी खात्री कुणी देत नसे. लहानांनी यावर लगेच विश्वास ठेवावा. मोठ्यांना थोडा वेळ लागेल, त्यांनी तोवर पुढं वाचावं.

तर त्या काळी एका माळावर घोंगड्या विणणारा एक माणूस राहत असे. त्याचं नाव धुळाजी, बायकोचं नाव बयना. त्यांची झोपडी धुळाजीच्या आजोबांच्याही आजोबांनी बांधलेली. मातीच्या भिंती, चार कोपऱ्यांना सागाच्या मेढी आणि वर गवताचं छप्पर. झोपडी बुटकी होती, पण गळणं म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. पाऊस छपरावर उतरे, आत शिरायला जागा शोधे, आणि ती न सापडल्यामुळं ओशाळून वळचणीवरून खाली निघून जाई.

आत जागा मात्र बेताची. निम्मी धुळाजीच्या मागानं अडवलेली, पाव चुलीनं. उरलेल्या जागेत नवरा, बायको आणि त्यांची शेळी. रात्री एकानं कूस बदलली की बाकीच्या दोघांनाही बदलावी लागे. शेळी त्यावरून कुरकुर करायची. हो, तेव्हा शेळ्या बोलत असत. आजही बोलल्या असत्या, पण आपणच त्यांना कधी काही विचारत नाही.

होळीच्या सुमारास एक मेंढपाळ निरोप घेऊन आला. धुळाजीची लेक हौसा हिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, म्हणून पोळा झाला की ती यायची होती.

बयनाचा आनंद चुलीवरच्या दुधासारखा वर आला. मग तिनं झोपडीकडं पाहिलं आणि तो तसाच खाली बसला.

"अहो, लेक येणार. तिला निजवायची कुठं? मागावर का शेळीवर?"

"माझ्यावर नको," शेळी म्हणाली.

"पडवी घालू," धुळाजी म्हणाला. "बाळंतिणीला कोरडी, उबदार जागा हवी. चुलीमागच्या भिंतीला लागूनच काढू. इकडं चूल पेटली की तिकडं भिंत ऊब देईल."

इथवर सगळं शहाणपणाचं होतं. धुळाजीचं शहाणपण बहुतेक वेळा इथवरच असायचं.

पण त्याच्या मनात एक काटा होता. हौसाच्या लग्नात व्याही पहिल्यांदा या झोपडीत आले होते. व्याही म्हणजे मोठं प्रस्थ. दाराशी त्यांचा फेटा चौकटीला अडकला, तेव्हा ते हसत म्हणाले होते, "धुळाजी, तुमच्याकडं यायचं तर मान घरीच ठेवून यायला हवं!" सगळं वऱ्हाड हसलं. धुळाजीही हसला. पण ते हसू त्याच्या घशात जे अडकलं, ते वर्ष झालं तरी खाली उतरलं नव्हतं.

आता त्या मुलखाची एक रीत सांगतो. जुन्या घराला काही जोडायचं असेल, तर घरधन्यानं बाहेरून भिंतीवर हात ठेवून घराची परवानगी मागायची. घरधनिणीनं आत उभं राहून घराच्या वतीनं उत्तर द्यायचं. ती घालील ती अट पाळायची. घराशी रोज जिचा संबंध, तिलाच घराचं मन कळणार, असा त्यामागचा हिशेब.

धुळाजीनं चांगला दिवस पाहून भिंतीवर हात ठेवला. शेजारपाजारचे चार लोक जमले होते.

"घरा, घरा, तुला पडवी जोडू का?"

आतून बयनाचा आवाज आला, "जोड. पण माझ्या वळचणीखाली हातभर उतरून जोड."

धुळाजीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "काय म्हणालं घर?"

"वळचणीखाली हातभर!" बयना मोठ्यानं म्हणाली.

"अगं, असं कसं? ते बुटकं होईल. जरा नीट विचार की घराला!"

"घर काय माझी मावशी आहे, पुन्हा पुन्हा विचारायला? एकदा सांगितलंय त्यानं."

लोक हसायला लागले. धुळाजीचे कान लाल झाले. मग त्यानं काय करावं? भिंतीला तोंड लावलं, आवाज घोगरा केला, आणि घराच्या वतीनं स्वतःच उत्तर दिलं, "बांध बाबा, हवी तेवढी उंच बांध!" आणि लोकांकडं वळून म्हणाला, "ऐकलंत ना? झाली परवानगी."

परवानगी मागणारा आणि देणारा एकच असला की काम कसं झटपट होतं!

धुळाजीनं खड्डे खणले आणि रस्त्याच्या अंगाला खांब रोवले. ते खांब इतके उंच होते, की वर गाठ मारायला चढलेला धुळाजी खाली उतरेपर्यंत त्याची दाढी वाढलेली असे. ढगांना बाजूनं वळसा घालून जावं लागे. खांबांच्या पायाशी त्यानं कंबरभर उंचीची जाड मातीची भिंत घातली, तिच्यावर बांबूच्या तट्ट्या बांधल्या. येणारा माणूस आधी थांबून वर पाहील आणि मगच आत येईल, असा त्याचा बेत होता.

दर्शनी बाजू उंच ठेवली, म्हणून छपराचा उतार आपोआप मागं गेला. मागं म्हणजे जुन्या झोपडीकडं. नवं छप्पर पुढून उंच निघायचं आणि मागं येऊन जुन्या छपरावर टेकायचं. एखाद्यानं आजोबांच्या खांद्यावर कोपर ठेवून रस्त्यावरच्या लोकांशी गप्पा माराव्यात, तशी ती पडवी दिसू लागली.

"धुळाजी, ह्यात काय उंट बांधणार का?" जाणारेयेणारे विचारत.

"लेक येणार आहे माझी."

"केवढी झाली म्हणायची लेक!"

धुळाजीला त्यात कौतुकच ऐकू येई.

एके दुपारी शेळी पडवीखाली उभी राहून बराच वेळ वर बघत होती. धुळाजी खूश झाला. "काय, कशी आहे?"

"चांगली आहे," शेळी रवंथ करीत म्हणाली. "पण पाऊस पडला की ह्या छपरावरचं पाणी कुठं जाणार?"

"जाईल कुठंतरी. तू शेळी आहेस, गवत खा."

"तेच खातेय. तुमच्याच छपराचं आहे."

धुळाजीनं तिला हाकललं. प्रश्नही तिच्याबरोबरच गेला, असं त्याला वाटलं.

पोळा झाला आणि हौसा बैलगाडीतून आली. खांबांकडं बघत बघत ती उतरली, आणि वर पाहताना तिचा तोल जाणार होता, तो बयनानं सावरला.

"आबा, हे सगळं माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी?" धुळाजी म्हणाला. त्यात थोडं खोटं होतं, पण ते त्यालाही तेव्हा कळलं नाही.

हौसाची बाज चुलीमागच्या भिंतीला लावली. भिंत खरंच ऊब देत होती. पोरीला गाढ झोप लागे. धुळाजी रोज सकाळी मागावर बसण्याआधी बाहेर येऊन खांबांकडं एक नजर टाकी आणि मग लेकीकडं. कधी कधी हा क्रम उलटा असता तर बरं झालं असतं.

त्या वर्षी पावसानं रिमझिमीवरच भागवलं होतं. तरी भिंतीवर, जिथं नवं छप्पर जुन्याला टेकलं होतं तिथं, ओलीचा एक डाग उठला.

"अहो, भिंत ओली लागतेय हाताला," बयना म्हणाली.

"नव्या कामाचा घाम असतो तो. वाळेल."

"भिंत जुनी आहे. घाम नव्याला यायला हवा ना?"

धुळाजीनं मागाचा आवाज वाढवला. डाग मात्र रोज थोडा खाली सरकत राहिला.

मग हस्त नक्षत्र लागलं. हस्ताचा पाऊस कसा असतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना सांगायला नको. ज्यांना नाही, त्यांनी एवढंच समजावं की हत्ती नदीत उतरून सोंड भरतो आणि माळावर येऊन ती रिकामी करतो. त्या दुपारी तर हत्तींचा कळपच आला होता.

नव्या छपरावर पाणी पडलं. पुढं जायला वाट नव्हती, म्हणून सगळंच्या सगळं मागं धावलं आणि जुन्या छपरावर कोसळलं. जुन्या छपराला आपल्या वाट्याचा पाऊस पेलायची सवय होती. त्यात हा दुसऱ्याचा पाऊस आला. बिचाऱ्यानं थोडा वेळ धीर धरला. मग गवत फुगलं, वासे वाकले आणि दोन्ही छपरं जिथं मिळाली होती, तिथून पाणी भिंतीत उतरू लागलं. आतून भिंत आधीच भिजलेली. तिनं पाणी पिऊन घेतलं, आणखी घेतलं, आणि मग तिला उभं राहवेना.

बयना चुलीपाशी होती. भिंतीची माती लापशीसारखी घसरताना तिनं पाहिली आणि ती पडवीत धावली. हौसाला काखेत हात घालून तिनं बाजेवरून ओढलं. पुढच्याच क्षणी बाजेच्या उशापाशी भिंतीचा अख्खा लगदा येऊन बसला.

हौसा त्या मातीकडं नुसती बघत राहिली. मग तिनं पोट धरलं.

"आये... कळ आली गं."

बयनानं इकडंतिकडं पाहिलं. पडवीत चिखल. झोपडीत चूल विझलेली, मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्याची विहीर झालेली. तिनं लेकीला शेळीच्या कोपऱ्यात नेलं, तेवढीच काय ती जागा जरा कमी भिजलेली. वरून धार तिथंही सरकत येत होती. शेळी उठून बाहेर पावसात जाऊन उभी राहिली.

"कोरडी जागा करा!" बयना ओरडली. "कशीही करा! पोर उघड्यावर बाळंत होतेय तुमची!"

धुळाजी दारात उभा होता. त्यानं लेकीचा पांढराफटक चेहरा पाहिला. मग वर पाहिलं. पाणी कुठून येतंय आणि कुणामुळं येतंय, हे त्याला आता शेळीला विचारायची गरज नव्हती.

त्यानं विळा उचलला आणि धावत रस्त्याच्या अंगाला गेला. पावसात शेजारी धावून आले होते. ते म्हणाले, "अरे, खांबांना टेकू लाव!" धुळाजी टेकू लावायला आलाच नव्हता. तो खांबावर चढला आणि वरच्या गाठी सपासप कापू लागला. पहिली तुटली. दुसरी तुटली. प्रत्येक गाठ त्यानं स्वतः मारलेली, आणि प्रत्येक गाठ मारताना रस्त्यावरून कोण कोण बघतंय हे त्यानं पाहिलेलं. आता बघायला अख्खा गाव होता, पण त्याला कुणी दिसत नव्हतं.

"धुळाजी, एवढी उंच पडवी पाडतोस?" खालून कुणीतरी कळवळून विचारलं.

"खालून बाजूला हो आधी," तो म्हणाला.

शेवटची गाठ तुटली आणि तो खाली उडी मारून मोकळा झाला. छप्पर करकरलं. मागचं टोक जुन्या छपरावरून घसरलं आणि वळचणीखाली मेढींना अडकून राहिलं. पुढचं टोक मान टाकल्यासारखं खाली आलं, तट्ट्या चिरडत आलं आणि कंबरभर भिंतीवर धप्पकन टेकलं. उतार फिरला. आता पाणी जुन्या झोपडीपासून दूर, रस्त्याच्या अंगाला वाहू लागलं.

जुन्या छपराचा भार उतरला. धार थेंबांवर आली, थेंब थांबले.

शेजाऱ्यांनी पडलेल्या छपराखालचा चिखल ओढून काढला. धुळाजीनं विकायला ठेवलेल्या सगळ्या घोंगड्या आणून तिथं अंथरल्या, एकीवर एक. ती जागा ठेंगणी होती, अंधारी होती. पण कोरडी होती. बयना लेकीला घेऊन तिथं गेली, आणि धुळाजी बाहेर पावसात शेळीशेजारी उभा राहिला. आतून हौसाचं कण्हणं येत होतं. त्याला वाटलं, आपण आयुष्यात इतक्या कळकळीनं कधी काही मागितलं नाही, आणि कुणाकडं मागावं हेही आता आपल्याला कळत नाही.

दिवेलागणीला आतून नवा आवाज आला. तो एवढा मोठा होता की पाऊस दचकून थांबला. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

"नात झाली!" बयना म्हणाली. "दोघी धड आहेत. या बघायला."

धुळाजी हातापायांवर रांगत आत गेला. हौसानं घोंगडीतलं मुटकुळं पुढं केलं.

"आबा, रडताय का?"

"पावसाचं पाणी आहे ते," धुळाजी म्हणाला.

पावसाळा सरल्यावर त्यानं भिंत पुन्हा घातली. पडवी होती तशीच, खाली उतरलेली ठेवली, आणि ती पुढं कधी गळली नाही. जुन्या झोपडीचं मात्र तसं झालं नाही. तिच्या छपरावर जिथं दुसऱ्याचा भार पडला होता, तिथं दर पावसाळ्यात थोडं पाणी झिरपू लागलं. धुळाजीनं गवत बदललं, वासे बदलले, तरी एक थेंब शोधत शोधत यायचाच, आणि नेमका त्याच्या मागावर पडायचा. विणता विणता तो हात थांबवी, थेंब पुसून घेई आणि पुढं विणू लागे. बयना बघायची, पण त्यावरून ती त्याला कधी बोलली नाही.

तात्पर्य : जुन्याचा आधार घेऊन नवं उभारायचं असेल, तर ते त्याच्या डोक्यावर नव्हे, त्याच्या सावलीत उभारावं.