नीलव्वाच्या न्हाणीचा पत्रा

"...मग आणखी काय करू, वस्ताद? अकरा गुरुवार उपास धरले. अनवाणी टेकडी चढलो. अजून काय केलं म्हंजे हे मनातनं जाईल?"

वस्ताद इमामभाई दर्ग्याच्या पायरीवर बसून लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय जायला पाहिजे मनातनं?"

सिद्राम कोरे तळपायाला चिकटलेली माती झाडायला लागला.

सिद्राम म्हणजे काही ऐरागैरा गडी नव्हे. पत्र्याच्या कामात सगळ्या जत तालुक्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे इतरांपेक्षा त्यालाच जरा जास्त ठाऊक होतं. काम शिकवलं ते इमामभाईंनी. पुढं वस्तादांनी हत्यारं खाली ठेवली आणि पीराच्या टेकडीवर झाडलोट करायला येऊन राहिले. शिष्य मात्र बावीस वर्षं पत्रे कापत राहिला, अंगावर एक ओरखडा न घेता. चारचौघांत तो हे सांगायचाही.

सहा महिन्यांमागं घरच्या अंगणात ग्राइंडरनं पत्रा कापताना लोखंडाचा तापलेला कण उडाला आणि त्याच्या बायकोचा, नीलव्वाचा, डावा डोळा कायमचा गेला. पत्रा तिच्याच न्हाणीवर घालायचा होता. चार वर्षं मागत होती बिचारी.

"तिनं दुसरं टोक धरलं होतं," सिद्राम म्हणाला. "मी बजावलं होतं, तोंड फिरवून धर. पत्रा धरणारा माणूस तोंड फिरवूनच धरतो, सगळीकडं हीच रीत हाय. हिनं नेमकं वळून बघितलं... आता त्याला मी काय करणार होतो?"

"व्हय. तू काय करणार."

लसणाची साल वाऱ्यानं पायरीवरून खाली गेली.

"बोलत न्हाई का तुझ्याशी?"

"बोलती की. वेळेवर भाकरी वाढती. एका शब्दानं कधी टोचून बोलली न्हाई."

"मग?"

"मीच..." सिद्राम अडखळला. "जेवताना मी तिच्या डाव्या अंगाला बसतो, वस्ताद. तिकडनं तिला मी दिसत न्हाई."

वस्तादांचा हात थांबला. त्यांनी लसणाची परात बाजूला सारली.

"उरूस आठ दिवसांवर आलाय. फकीर जेवायला बसतात तिथलं छप्पर उडालंय. पत्रा आणून ठेवलाय, दीड हात जास्त हाय, कापावा लागंल. हत्यारं आणलीस?"

हत्यारांची पिशवी सिद्रामच्या मोटरसायकलला लटकलेली होती. त्याला हायसंच वाटलं. हे आपलं काम, इथं कुणी आपल्याला काय सांगणार! त्यानं ग्राइंडर काढला, हातमोजे काढले, डोळ्यांवर लावायचे दोन चष्मे काढले. एक घासून घासून पांढुरका पडलेला. दुसरा कोरा, अजून वेष्टनातला.

"ह्यो कुणाचा?" वस्तादांनी कोरा चष्मा उचलला.

"परक्याच्या कामावर न्यायचा. मालक बघतात, बरं दिसतं."

"त्या दिवशी कुठं होता?"

"...पिशवीत."

"आणि पिशवी?"

"खुंटीला. तिच्या डोक्यावरच."

वस्तादांनी वेष्टन फाडलं. चष्मा डोळ्यांवर चढवला, हातमोजे घातले, पत्र्याचं एक टोक धरलं आणि तोंड दर्ग्याकडं फिरवून उभे राहिले.

"कर सुरू."

"अहो वस्ताद, तुम्ही कशाला धरताय! पत्रा फळीत आवळून कापायचा, तुम्हीच शिकवलंय. थांबा, फळ्या बघतो मी कुठं..."

"त्या दिवशी बघितल्या होत्यास?"

सिद्रामनं खाली बघितलं. "घरचंच काम... दोन मिनिटांचं होतं."

"हे बी दोन मिनिटांचंच हाय. कर."

ग्राइंडर घरघरला. चकती अजून पत्र्याला टेकलीसुद्धा नव्हती, तोच म्हाताऱ्याच्या हातातली पकड ढिली झाली. पत्रा चार बोटं सरकला, आखलेली रेघ वाकडी गेली. राग आलाय हे सिद्रामला कळायच्या आत त्याचं तोंड उघडलं.

"अहो, नीट धरा की!"

वस्ताद वळले आणि त्यांनी सरळ त्याच्याकडं बघितलं.

कुणीही बघितलं असतं. कुणी ओरडलं की माणूस त्याच्याकडंच बघतो, बाकी कुठं बघणार? सिद्रामचं खटक्यावरचं बोट सुटलं. चकती फिरत फिरत हळू झाली आणि थांबली.

...

"तू ओरडलास," वस्ताद म्हणाले. "म्हणून बघितलं."

सिद्रामनं ग्राइंडर खाली ठेवला.

"मीच ओरडलो होतो, वस्ताद."

"हं."

"असाच पत्रा सरकला होता. नीट धर की गं, म्हणून खेकसलो तिच्यावर. तिनं माझ्याकडं बघितलं. आणि तेवढ्यात..."

वस्तादांनी हातातलं पत्र्याचं टोक खाली टेकवलं.

"सगळ्यांना सांगितलं, तीच वळली. तिच्या भावाला सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, तिकडं कशाला बघितलंत हो? मी बाजूलाच उभा होतो. माझ्याकडं न बघता ती म्हणाली... चुकलं माझं."

एवढं बोलला आणि बावीस वर्षं मान ताठ ठेवून फिरलेला माणूस हमसाहमशी रडायला लागला. रडू दे. सहा महिने जे गिळत होता, ते आज बाहेर पडत होतं. वस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही की उगी म्हटलं नाही.

ते उठून खोलीत गेले. दोन जाड फळ्या आणि त्या आवळायचे दोन शिकंजे घेऊन बाहेर आले.

सिद्रामनं डोळे पुसले. "हे... होतं तुमच्याकडं?"

"तुझ्या घरात न्हवतं?"

होतं. न्हाणीच्याच भिंतीला लावून ठेवलेलं होतं.

मग दोघांनी पत्रा फळ्यांच्या मधे घालून शिकंजे आवळले. ग्राइंडर वस्तादांनी पिशवीत टाकायला लावला आणि हातकात्री दिली. कात्री चालते हळू. दोन मिनिटांच्या कामाला अख्खी दुपार गेली. सिद्राम कापत होता, कापलेली कड कानशीनं घासून गुळगुळीत करत होता. वस्ताद चष्मा लावून लांब बसले होते आणि पुन्हा लसूण सोलत होते. पत्रा कुणीच धरला नव्हता, आणि तो तसूभर हलला नाही. ते बघून सिद्रामला जास्तच भरून येत होतं. एवढंच तर करायचं होतं.

ऊन उतरलं. छप्पर बसलं. सिद्राम हत्यारं आवरायला लागला, तसा वस्तादांनी डोळ्यांवरचा चष्मा उतरवला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"न्हाणी झाली का तिची?"

"न्हाई. उघडीच हाय. पत्रा अर्धा चिरलेला, तसाच भिंतीला टेकलाय. ती वर साडी बांधून आडोसा करती."

वस्तादांनी मान हलवली.

सिद्राम पायऱ्या उतरला. मोटरसायकलपाशी गेला. किल्ली लावली, काढली, आणि परत वर आला.

"वस्ताद... तिला सांगायला पाहिजे. पण कसं सांगू? तोंड उघडत न्हाई माझं. कुठनं सुरू करू?"

वस्तादांनी परातीतली शेवटची पाकळी उचलली.

"आज जेवायला उजव्या अंगाला बस."